केसगळती आणि वनस्पतींचे अर्क : माका, रोजमेरी, सॉ पाल्मेटो यांच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

वनौषधी_इंदूर (धागाकर्ती)

केस गळू लागले की आपल्याकडे पहिला प्रश्न "कोणते तेल लावू?" हा असतो. केस नेमके कशामुळे गळत आहेत, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. मी इंदूरमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनौषधी हा विषय शिकवते. त्यामुळे सियागंजातून आणलेल्या पुड्या, घरी कढवलेली तेले आणि ऑनलाइन मागवलेल्या अर्कांच्या बाटल्या घेऊन ओळखीचे लोक सतत माझ्याकडे येत असतात. प्रत्येकाला निरनिराळे सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि येथील वैद्य, डॉक्टर व जाणकार मंडळींनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की केसांवर परिणाम करणारी द्रव्ये वनस्पतींत खरोखर आहेत, परंतु प्रत्येक अर्काचा पुरावा एका ठरावीक प्रकारच्या केसगळतीपुरता आणि एका ठरावीक रीतीने काढलेल्या अर्कापुरता असतो. तो उचलून दुसरीकडे लावला की फसगत होते.

आधी केसाविषयी. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचे मूळ स्वतंत्र चक्राने चालते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते, मग दोन-तीन आठवड्यांचा उताराचा काळ येतो आणि त्यानंतर सुमारे तीन महिन्यांची विश्रांती असते, जिच्या शेवटी केस गळून त्याच जागी नवा उगवतो. दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हा या चक्राचाच भाग आहे. ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीसारखा आहार यांनंतर बरीच मुळे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. ही गळती भीतिदायक दिसली तरी बहुधा आपोआप थांबते. आनुवंशिक टक्कल ही गोष्ट वेगळी. तेथे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने डीएचटी हे दुसरे हार्मोन तयार होते आणि त्याला संवेदनशील असलेली मुळे वर्षानुवर्षे बारीक होत जातात. चाई पडणे हा तिसरा प्रकार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. या तिन्ही गोष्टींना आपण एकच "केस गळणे" म्हणतो आणि एकच बाटली आणतो.

आता माका, म्हणजेच भृंगराज. माक्यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच मध्य प्रदेशात, सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठात झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या उंदरांची पाठ भादरून तेथे माक्याचा पेट्रोलियम ईथर या द्रावकातील अर्क व अल्कोहोलमधील अर्क मलमातून लावला आणि तुलनेसाठी २ टक्के मिनॉक्सिडिल हे केस उगवण्यासाठी लावायचे औषध वापरले. अर्क लावलेल्या उंदरांत केस उगवू लागण्यास लागणारा काळ निम्म्यावर आला, आणि पेट्रोलियम ईथरमधील अर्काने तर मिनॉक्सिडिलपेक्षाही चांगले काम केले. त्याच विद्यापीठात अमरवेलीवरही काम झाले आहे. टेस्टोस्टेरॉन देऊन केस घालवलेल्या उंदरांत अमरवेलीच्या अर्काने फायदा दिसला. आपल्या कुंपणांवर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरलेली वेल ती हीच.

या निष्कर्षांचा मला मनापासून अभिमान वाटतो, म्हणूनच त्यांची मर्यादा स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. उंदराच्या पाठीवरचे केस लाटेसारखे एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. विश्रांतीत असलेली कातडी भादरली, तर प्रयोगात मोजले जाते ते एवढेच की सगळी मुळे वाढीच्या अवस्थेत किती लवकर शिरली. माणसाच्या डोक्यावर शेजारशेजारची दोन मुळेसुद्धा वेगवेगळ्या अवस्थेत असतात आणि टकलात तर अडचण उशिरा उगवण्याची नसून मूळच बारीक होण्याची असते. शिवाय पेट्रोलियम ईथर पानातील मेणचट, स्निग्ध द्रव्ये खेचते, अल्कोहोल वेगळी द्रव्ये खेचते आणि पाण्यात उकळलेल्या काढ्यात तिसरीच द्रव्ये येतात. त्यामुळे "माक्यावर संशोधन झाले आहे" असे छापलेल्या बाटलीत कोणता अर्क आहे, किती आहे आणि वेडेलोलॅक्टोनसारख्या, माक्याची ओळख पटवणाऱ्या द्रव्याचे प्रमाण मोजले आहे का, हे तीन प्रश्न ग्राहकाने विचारलेच पाहिजेत.

माणसांवर चाचण्या झालेल्या वनस्पती थोड्या आहेत. सॉ पाल्मेटो हे अमेरिकेच्या फ्लोरिडाकडील एक बुटके ताडवर्गीय झाड. त्याच्या फळांचा स्निग्ध अर्क ५-अल्फा रिडक्टेजला अडवतो. इटलीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० पुरुषांपैकी काहींना दोन वर्षे रोज ३२० मिलिग्रॅम सॉ पाल्मेटो आणि बाकीच्यांना १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड ही टकलावरची गोळी दिली. सुधारणा पहिल्या गटात ३८ टक्के आणि दुसऱ्या गटात ६८ टक्के लोकांत दिसली. कोण काय घेत आहे हे त्यात झाकलेले नव्हते आणि औषधाविना ठेवलेला गटही नव्हता. भोपळ्याच्या बियांच्या तेलावर कोरियात २०१४ मध्ये ७६ पुरुषांची चाचणी झाली, ती मात्र खोट्या गोळीशी तुलना करून. रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे केस २४ आठवड्यांत सरासरी ४० टक्के वाढले, तर खोटी गोळी घेणाऱ्यांचे १० टक्के. त्या कॅप्सूलमध्ये इतरही घटक होते, म्हणून सगळे श्रेय भोपळ्याला देणे मला पटत नाही. रोजमेरीच्या तेलाची २०१५ मधील इराणी चाचणी सर्वांत जास्त सांगितली जाते. १०० पुरुष होते, तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलशी होती. तीन महिन्यांनी दोन्हीकडे काहीच फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत थोडी वाढ होती. "रोजमेरी मिनॉक्सिडिलइतकीच गुणकारी" असे जे म्हटले जाते, ते याच थोड्या वाढीच्या आधारावर.

कांद्याच्या रसाची चाचणी बगदादमधील डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ती चाईसाठी होती, टकलासाठी नव्हे. २३ पैकी २० रुग्णांत सहा आठवड्यांत केस उगवले, साधे पाणी लावणाऱ्या १५ पैकी दोघांत. चाई पुष्कळदा आपोआपही भरून येते, तरीही हा फरक लक्ष देण्याजोगा आहे. पण बापाकडून आलेल्या टकलावर कांदा चोळणाऱ्याला त्याचा उपयोग होईल असे त्यातून निघत नाही.

रामबागची_ताई

तुम्ही फार सविस्तर लिहिले आहे, त्याबद्दल आभार. माझ्या मुलीला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या सुमारास तिचे केस इतके गळू लागले की वेणी निम्मी राहिली. माझ्या सासूबाईंच्या पद्धतीने मी माका, जास्वंद आणि आवळा घालून तिळाचे तेल कढवले आणि संक्रांतीनंतर गळती थांबली. आता कपाळाच्या कडेने नवे बारीक केस दिसतात. उंदरांचे प्रयोग तुम्ही म्हणता तसे असतील, परंतु डोळ्यांसमोर घडलेले मी कसे नाकारू? जास्वंदीची फुले घ्यावीत की पाने, हेही कृपया सांगावे.

वनौषधी_इंदूर (धागाकर्ती)

ताई, घडले ते खरेच आहे. प्रश्न श्रेयाचा आहे. डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होणे आणि पुढे काही महिन्यांत ती ओसरणे हा या प्रकाराचा ठरलेला क्रम आहे. आपण तेल सुरू करतो ते गळती कळसाला पोहोचल्यावर, आणि उतार त्यानंतरच येणार असतो. तेल लावले नसते तरी कपाळाच्या कडेला असेच बारीक केस दिसले असते, असे मानण्यास पुरेसे कारण आहे.

तेल निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे २००३ मध्ये मुंबईतील संशोधकांनी दाखवले आहे. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात तो गुण आढळला नाही. म्हणजे केस तुटणे कमी होते आणि वेणी भरदार राहते. मुळातून गळणे हा त्याहून वेगळा विषय.

जास्वंदीबाबत : उंदरांवरच्या २००३ मधील अभ्यासात फुलांपेक्षा पानांचा अर्क अधिक प्रभावी ठरला होता. मुलीची फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी, कारण आजारपणानंतर लोहाचा साठा कमी राहिला तर गळती लांबते.

लोकमान्यनगरचा_वैद्य

धागाकर्त्या बाईंनी केसगळतीचे प्रकार आधी वेगळे केले, हे मला फार योग्य वाटले, कारण आयुर्वेदातही खालित्य (टक्कल) आणि इंद्रलुप्त (चाई) हे एक मानलेले नाहीत. वैद्याकडे न जाता बाजारातून भृंगराज तेल आणून लावणारे दोहोंत भेद करत नाहीत, आणि मग अपयश शास्त्राच्या माथी येते. आमच्या चिकित्सेत तेल हा एक भाग आहे. पचन, झोप, रक्ताची स्थिती पाहून पोटात द्यायचे औषध, नस्य (नाकात औषध सोडणे) आणि पथ्य यांसह ते दिले जाते. एकट्या तेलाची किंवा एकट्या अर्काची परीक्षा करून संपूर्ण चिकित्सेवर निर्णय देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

घरी तेल करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो, कारण बहुतेक घरगुती तेले तेथेच बिघडतात. सामान्य नियम असा की कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा ओला गोळा) एक भाग, तेल चार भाग आणि स्वरस (ताजा रस) किंवा काढा सोळा भाग. घरोघरी मूठभर पाने लिटरभर तेलात तळून काढतात. तो पाक नव्हे. ताज्या माक्याचा रस घालून मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत तेल सिद्ध करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. कल्काची बोटांत वळी होऊ लागली, ती विस्तवावर टाकल्यास चटचट आवाज न करता जळू लागली आणि तेलावर फेस आला की पाक झाला. पाणी राहिले तर तेलाला बुरशी येते, आणि कल्क काळा पडून करपला तर तो खरपाकाच्याही (कडक पाकाच्याही) पलीकडे गेलेला पाक टाकूनच द्यावा. डोक्यात कोंडा व खाज असेल त्यांनी रात्रभर तेल ठेवू नये, त्याने कोंडा वाढतो.

विजयनगर_स्कीम

माझे वय २७ असून वडील आणि आजोबा दोघांनाही टक्कल आहे. माथ्यावरचे केस दोन वर्षांपासून विरळ होत आहेत. फिनास्टेराइडच्या दुष्परिणामांविषयी वाचून भीती वाटते, म्हणून सॉ पाल्मेटोच्या गोळ्या आणि रोजमेरीचे तेल सुरू करण्याचा विचार आहे. वनस्पतीजन्य असल्यामुळे ते तरी सुरक्षित असेल ना? आणि आमच्या वसाहतीत नर्मदेऐवजी बोरिंगचे पाणी येते, त्यानेच केस जातात असे सगळे म्हणतात. हे कितपत खरे आहे?

त्वचारोग_चिकित्सक

दादा, पाण्याचे आधी सांगतो. जड पाण्याने केस राठ होतात, साबणाचा फेस नीट निघत नाही, दांडा तुटतो. माथा विरळ होऊन कानांवरचे व मागचे केस दाट राहणे, हा मात्र पाण्याचा परिणाम असू शकत नाही, कारण पाणी सगळ्या डोक्यावर सारखेच पडते.

तुमच्या प्रकारात हार्मोनचा वाटा निर्विवाद आहे. हॅमिल्टन या संशोधकांनी १९४२ मध्ये दाखवले की तारुण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की ते पडू लागते. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांत ५-अल्फा रिडक्टेजची जन्मजात कमतरता आढळली. त्या पुरुषांच्या केसांची पुढची रेषा मागे सरकत नव्हती. फिनास्टेराइडची कल्पना या निरीक्षणांतून पुढे आली आणि १९९७ मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी मान्य झाले. सॉ पाल्मेटो त्याच विकराला अडवते. मग एकाला घाबरून दुसऱ्याकडे वनस्पती म्हणून निर्धास्तपणे जाणे तर्काला धरून नाही. ज्या मार्गाने परिणाम होणार, त्याच मार्गाने दुष्परिणामही होऊ शकतात. लैंगिक तक्रारी फिनास्टेराइड घेणाऱ्या थोड्या पुरुषांत दिसतात, त्यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून निर्णय घ्यावा. गरोदर किंवा गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रियांनी यांपैकी काहीही घेऊ नये.

मिनॉक्सिडिल हे त्वचेवर लावायचे औषध १९८८ पासून मान्य आहे, आणि मूळचे ते रक्तदाबाच्या गोळीचे द्रव्य. ते सुरू केल्यावर प्रथम काही आठवडे गळती वाढू शकते, तेव्हा घाबरून सोडू नये. बंद केले तर मिळालेले केस काही महिन्यांत जातात, हेही आधीच समजून घ्यावे. तुमच्या वयात मुळे अजून जिवंत आहेत. वर्ष-दोन वर्षे केवळ तेलांवर घालवल्यास जी मुळे पूर्ण बारीक होतील, ती कोणत्याच औषधाला सहज दाद देणार नाहीत. माझा आग्रह केवळ ही वेळ वाया न घालवण्यापुरता आहे.

मालव_माती

सियागंजातून वाळलेला माका आणणाऱ्यांसाठी लिहितो, कारण मी जडीबुटीच्या व्यापारात वाढलो आहे. वाळलेल्या चुऱ्यात काय आहे हे सांगणे कठीण असते, म्हणून शक्यतो ताजी वनस्पती ओळखून घ्यावी. पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि नाल्याकाठी माका भरपूर असतो. मालव्यात त्याला भांगरा म्हणतात. पाने समोरासमोर, निमुळती आणि जवळजवळ देठाविना असतात, फुले पांढरी व लहान, आणि मुख्य खूण म्हणजे पान चुरडले की रस थोड्याच वेळात काळसर निळा होतो. लोक चुकून एकदांडी उपटून आणतात. तिच्या लांब दांड्यावर एकच फूल असते, मध्ये पिवळे आणि कडेला पाच-सहा पांढुरक्या पाकळ्या. पिवळ्या फुलांचा माका ही तिसरीच वनस्पती, तिला काही ठिकाणी पिवळा भृंगराज म्हणून विकले जाते. रस काळा होत नसेल तर ती वनस्पती परत ठेवावी. नाल्याकाठचा पाला आणू नये, तेथे कोणते पाणी वाहते ते आपण सगळे पाहतो.

रक्ततपासणी

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. केसांसाठीच्या "हर्बल" कॅप्सूलांमध्ये वनस्पतींच्या अर्कांबरोबर बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर घातलेले असते आणि ते काही थायरॉइड तपासण्यांचे आकडे चुकीचे दाखवू शकते. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतही गडबड होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी सावधगिरीची सूचना दिली होती. रक्त देण्यापूर्वी अशी कॅप्सूल घेत असल्याचे सांगावे. पुष्कळ रुग्ण "औषध काही चालू नाही" असे सांगतात, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतेच. फिनास्टेराइड घेणाऱ्यांच्या पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीचा आकडाही जवळपास निम्मा होतो, म्हणून पन्नाशीच्या पुढील पुरुषांनी तेही सांगावे.

वनौषधी_इंदूर (धागाकर्ती)

वैद्यराज, संपूर्ण चिकित्सेची परीक्षा संपूर्ण चिकित्सा म्हणूनच व्हावी, हे मला मान्य आहे, आणि तशा चाचण्या आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांनी कराव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. अडचण बाटलीवरच्या दाव्यांची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची "जे" मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणे यांची नोंद आहे; म्हणजे ते बरे करण्याचा दावा करून औषध विकता येत नाही. तरीही आपण रोज काय जाहिराती पाहतो!

विजयनगरच्या दादांना : रोजमेरी लावायचीच असेल तर तिचे सुगंधी तेल कधीही शुद्ध स्वरूपात लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या चमचाभर तेलात दोन-तीन थेंब पुरतात, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे, कारण अशा तेलांनी कातडी सुजू शकते. एका वेळी एकच गोष्ट सुरू करावी. त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा आणि एकाच भांगाचा फोटो दर तीन महिन्यांनी घ्यावा. आरशात रोज पाहून काही कळत नाही. सहा महिन्यांत फोटोत फरक नसेल तर ती वनस्पती सोडून द्यावी. डॉक्टरांनी वेळेबद्दल लिहिले आहे, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नव्हे, त्याच्या जोडीने हे करावे.

नारायणबाग_आजी

माझ्या नातवाचे वय आठ आहे. त्याच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा पडला आहे. मी तो चाई समजून कांद्याचा रस लावते आहे. चट्ट्यावर पांढरी सालपटे आहेत, केस मुळाशी तुटल्यासारखे दिसतात आणि त्याला खाज येते. किती दिवस लावावा?

त्वचारोग_चिकित्सक

आजी, कांदा आजच थांबवावा. चाईचा चट्टा गुळगुळीत असतो. सालपटे, खाज आणि तुटके केस ही लहान मुलांत बहुधा बुरशीची, म्हणजे डोक्यावरच्या गजकर्णाची लक्षणे असतात. ती बुरशी केसाच्या आत शिरलेली असल्यामुळे वरून लावलेले कोणतेही तेल, रस किंवा मलम पुरत नाही आणि काही आठवडे पोटातून औषध द्यावे लागते. उशीर झाल्यास तेथे पू होऊन व्रण राहू शकतो आणि व्रणावर केस उगवत नाहीत. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे, ते सालपटे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. तोवर त्याचा कंगवा, टोपी, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा, घरातील इतर मुलांची डोकी तपासावीत, आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.